रेमार्क की युंगर?
पहिल्या महायुद्धातील जर्मन सैनिकावर एकच पुस्तक वाचायचे, तर एरिक मारिया रेमार्कची कादंबरी ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९२९) घ्यावी की एर्न्स्ट युंगरचे युद्धानुभव सांगणारे ‘स्टॉर्म ऑफ स्टील’ (१९२०), असा पेच एका वाचकस्नेह्यास पडला आहे.

अनुभवाच्या निकषावर युंगर सरस ठरतो: १९१४ मध्ये स्वेच्छेने भरती झालेला हा अधिकारी अनेकदा जखमी झाला आणि त्याच्या पुस्तकाचा पाया त्याची रोजनिशी आहे. सक्तीने भरती झालेला रेमार्क १९१७ मध्ये थोडाच काळ आघाडीवर होता. अर्थात, तेवढ्यावरून कादंबरीचे मोल ठरत नाही.

शौर्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र मुळातच वेगळी आहे. युंगरला ते भीतीवर मिळवलेले प्रभुत्व वाटते आणि शत्रू आदरास पात्र असा प्रतिस्पर्धी. रेमार्कच्या कादंबरीचा नायक पाउल तोफगोळ्याच्या खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो, त्याच्या मरणयातना तासन्‌तास शेजारी बसून पाहतो आणि नंतर त्याच्या पाकिटात पत्नी व लहान मुलीची छायाचित्रे सापडतात. त्यानंतर पराक्रम हा शब्दच पोकळ वाटू लागतो.

खंदकातील लढाईचा तपशील हवा असल्यास युंगर वाचावा, परंतु त्याने मजकूर वारंवार बदलल्यामुळे आवृत्ती पारखून घ्यावी. सैनिकाचे मन कसे मोडते हे जाणून घ्यायचे असल्यास रेमार्कच निवडावा.