विंडोज ११ वरचे व्हर्च्युअलबॉक्स आणि कोपऱ्यातले कासव : आठ महिन्यांच्या वापरानंतर

परभणीच्या मोंढ्यात आमचे आडत दुकान आहे. वडिलांनी करून घेतलेला हिशोबाचा प्रोग्राम फक्त विंडोज एक्सपीवर चालतो, पण हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या रकमेचा हिशोबाचा कागद) काढण्याचे काम तो आजही चोख करतो. म्हणून तो मोडीत न काढता मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जपून ठेवला आहे. ऑगस्टमध्ये विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप घेतला आणि तेच व्हर्च्युअल मशीन त्यावर आणले, तेव्हा जुन्या लॅपटॉपवर चार सेकंदांत निघणाऱ्या पट्टीला वीस-बावीस सेकंद लागू लागले.

दुरुस्तीवाल्याने आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरण्याचा आणि नंतर अँटिव्हायरस काढून टाकण्याचा सल्ला दिला. दोन्हींचा येथे संबंध नव्हता. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात सीपीयूखाली व्हर्च्युअलायझेशन (आभासी संगणक चालवण्याची सोय) सुरू असल्याचे दिसत असेल, तर बायोसला हात लावण्याचे कारण नाही. खरी खूण व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी होती : तेथे संथ मार्गाने काम चालल्याची खूण असलेले हिरवे कासव दिसत होते, आणि व्हीटी-एक्स (आभासी संगणक वेगाने चालवण्याची प्रोसेसरमधली सुविधा) मिळत नसल्याने दुसरा मार्ग घेत असल्याची नोंद लॉग फाइलमध्येही होती.

विंडोजच्या कोअर आयसोलेशन या सुरक्षा विभागात मेमरी इंटिग्रिटी नावाचे संरक्षण असते. कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) शिरणाऱ्या ड्रायव्हरची तपासणी ते एका वेगळ्या, बंदिस्त जागेत करते आणि ती जागा उभी करण्यासाठी संगणक सुरू होतानाच विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर (आभासी संगणक चालवणारा थर) प्रोसेसरची व्हीटी-एक्स सुविधा ताब्यात घेतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला त्या हायपरव्हायजरच्या मार्फतच काम करावे लागते. २०१८ च्या ६.० आवृत्तीपूर्वी तर अशा वेळी मशीन सुरूच होत नसे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्येही हायपरव्हायजरसोबत चालण्याची सोय २०२० च्या १५.५.५ आवृत्तीपासून आली. त्यामुळे कासव हा मला बिघाड वाटत नाही, ती तडजोड आहे.

तरीही सुरुवातीला मी संरक्षण बंदच केले. विंडोज सिक्युरिटीत मेमरी इंटिग्रिटी बंद केली, पण कासव गेले नाही, कारण डब्ल्यूएसएल-२मुळे (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीमुळे) त्याच हायपरव्हायजरवर चालणारा व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म हा विंडोजचा भाग सुरूच होता. शेवटी प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिट या आज्ञेने हायपरव्हायजर लाँच टाइप ‘ऑफ’ केला, म्हणजे हायपरव्हायजर सुरूच होऊ नये असे ठरवले, आणि रीस्टार्ट दिला. येथे रीस्टार्टच हवा. फास्ट स्टार्टअप चालू असताना नुसते शटडाउन केले, तर कर्नल पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर या खटाटोपाआधी अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. कासव गेले, पट्टी पुन्हा चार सेकंदांवर आली, आणि डब्ल्यूएसएल-२ मात्र बंद पडले.

सहा आठवडे तसेच चालवले. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली आणि याच लॅपटॉपवरून शेतकऱ्यांच्या खात्यांवर रोज रकमा जाऊ लागल्या, तेव्हा मला ते पटेना. लोकांचे बँक तपशील ज्या यंत्रावर आहेत त्याचे संरक्षण पट्टीच्या सोळा-सतरा सेकंदांसाठी उतरवून ठेवणे मी योग्य मानत नाही. लाँच टाइप पुन्हा ‘ऑटो’ केला, मेमरी इंटिग्रिटी चालू केली आणि व्हर्च्युअल मशीनकडे लक्ष दिले. त्याला दिलेले चार प्रोसेसर काढून एकच ठेवला. सर्वाधिक फरक त्यानेच पडला. एक्सपीला सुरक्षा अद्यतने मिळणे एप्रिल २०१४ मध्येच थांबले आहे, म्हणून त्याचे नेटवर्क कार्डही काढून टाकले; पट्ट्यांच्या फाइली शेअर्ड फोल्डरमधून बाहेर येतात. आता एका पट्टीला सात-आठ सेकंद लागतात आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला खोळंबा जाणवत नाही.

वर्षअखेरच्या खतावणीला (सगळ्या नोंदी खात्यांवर उतरवण्याला) मात्र कासवाने जवळजवळ तीन तास घेतले. ती मी रात्री दुकान वाढवताना लावून गेलो होतो. सकाळी शिल्लक जुळलेली होती.