पाण्यातून जहाज दिसलं पाहिजे: कॅरिबियन क्रूझमधले चार बीच-दिवस

जानेवारीत फ्लोरिडातल्या मायामीहून पूर्व कॅरिबियनची सात रात्रींची क्रूझ केली, मे महिन्यात फ्लोरिडातल्याच टँपाहून मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाची. दोन्ही वेळा पुण्याहून आलेले आईबाबा बरोबर. सकाळी जहाजावरून उतरायचं, समुद्रावर पडायचं, संध्याकाळी परत चढायचं, असे एकूण चार दिवस झाले. जानेवारीनंतर लगेच लिहिलं असतं तर चारही किनाऱ्यांची आरती ओवाळली असती. आता आठ महिन्यांनी माझी कसोटी एकच: पाण्यात उभं राहून आपलं जहाज दिसतंय का? बाकी वाळू, पाण्याचा रंग वगैरे उन्नीस-बीस.

ग्रँड टर्कला धक्का संपला की वाळूच. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खाली कोसळतो, दोन हजार मीटरच्या आसपास, म्हणून एवढं धूड इतकं जवळ येऊ शकतं. आपण कमरेएवढ्या पाण्यात आणि समोर आपलीच इमारत तरंगतेय. आईला आवडलं, कारण बाथरूमला सरळ जहाजावर जाता येतं. बाबा मात्र अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेनच्या यानाच्या प्रतिकृतीपाशी रमले. १९६२ मध्ये पृथ्वीच्या तीन फेऱ्या मारून तो समुद्रात उतरला, त्यानंतर त्याला याच बेटावर आणलं होतं.

सेंट थॉमस बेटावरचा मॅगन्स बे हा किनारा सुंदर, पण धक्क्यापासून डोंगराच्या पलीकडे. उघड्या बाकांच्या सफारी टॅक्सीत माणशी भाडं देऊन बसायचं, थेट आपल्या वडापसारखं. गाड्या अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे आणि रस्त्यावर चालायचंही डावीकडूनच! बाबा प्रत्येक वळणाला पाय दाबून ब्रेक मारत होते. इथे प्रवाळाला घातक घटक असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी आहे, म्हणून झिंकवालं घेतलं. ते अंगात जिरत नाही. आई म्हणाली, भस्म लावल्यासारखी दिसतेयस.

मन बसलं ते सेंट मार्टिनच्या फिलिप्सबर्गवर. धक्क्यावरून छोट्या बोटीने पाच-सात मिनिटांत ग्रेट बेचा किनारा. दोन खुर्च्या, एक छत्री आणि थंड पाणी असे वीस डॉलर पडले. पाणी इतकं स्वच्छ की पायाच्या नखावरचं नेलपॉलिश दिसावं. कोकणात वाढलेली आई आधी विचारत राहिली, भरती कधी? पिशवी मागे घे. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. दर अर्ध्या तासाने ती पिशवी वर सरकवत होती. पंजाबी ड्रेसमध्येच ती गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन तासभर बसली, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्याच फ्रंट स्ट्रीटवर सिंधी दुकानदारांची दागिन्यांची दुकानं. तिने हिंदीत घासाघीस करून चांदीचं ब्रेसलेट घेतलं आणि परत येऊन पुन्हा पाण्यात! जहाज समोर होतं, त्यामुळे घड्याळाकडे कुणी पाहिलंच नाही.

खाण्याचं सांगते. जहाजावरचं शिजवलेलं अन्न किंवा फळं खाली नेऊ देत नाहीत. सीलबंद बाकरवडी चालली.

आता कोझुमेल. दक्षिणेकडच्या एका बीच क्लबचा पास घेतला होता, जेवण आणि ये-जा धरून. जागा छान, पण पाण्यात उतरायला शिडी आणि खाली टोकदार खडक. पाण्यातले बूट नसते तर तळपाय सोलले असते (हे बूट अजून टिकलेत, फोनची वॉटरप्रूफ पिशवी मात्र तिथेच गळली). क्लबवाल्यांनी सांगितलं, परतीची गाडी तीनला. जहाजावर चढायची शेवटची वेळ साडेचार. म्हणजे हातात भरपूर वेळ, असं मी धरून चालले.

माझ्या फोनवर अडीच वाजले होते तेव्हा बाबांनी विचारलं, "अगं, साडेतीन झाले, गाडी कुठाय?" त्यांच्या जुन्या एचएमटीवर फ्लोरिडाची वेळ होती, जहाजावरही तीच. कोझुमेल वर्षभर एकाच वेळेवर चालतं, उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या एक तास मागे, आणि फोनने गुपचूप तिथली वेळ घेतली होती. त्यांचे तीन म्हणजे आमचे चार. त्यात गाडीला उशीर होतोच, हे तिथल्या वेटरनेच सांगितलं. ओल्या कपड्यांनीच रस्त्यावर येऊन टॅक्सी पकडली. धक्क्यावर पोचलो तेव्हा एचएमटीत चार वाजून सात मिनिटं. स्वतः बुक केलेल्या सहलीसाठी जहाज थांबत नाही. जहाजाच्या कंपनीकडून महाग सहल घेतली तरच थांबतं.

पास देताना "बेटाची वेळ" एवढे दोन शब्द लिहिले असते तरी पुरलं असतं. क्लबला तीन मेल केले, पाच आठवड्यांनी फक्त गाडीचे पैसे परत आले. टॅक्सीचे आमच्याच खिशातून.

डिसेंबरसाठी पुन्हा फिलिप्सबर्गचं बुकिंग केलंय. आईने फोनवर एवढंच विचारलं, पिशवी ठेवायला उंच जागा मिळेल ना?