स्लीव्ह की बायपास? आधी जळजळीचं बघा

वजन घटवण्याच्या ऑपरेशनसाठी सर्जनसमोर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टर, यातलं छोटं कुठलं?’ छोटं स्लीव्हच. पण तेवढ्यावर निवड करणाऱ्यांपैकी काही जण पुढे जळजळीच्या गोळ्या खात बसतात आणि शेवटी बायपासच करून घेतात.

दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच छिद्रं, दवाखान्यात साधारण दोन-तीन दिवस. स्लीव्हमध्ये जठराची फुगीर बाजू, म्हणजे जवळपास 75 ते 80 टक्के जठर, स्टेपलरने कापून बाहेर काढतात. उरते केळ्यासारखी नळी, 100 ते 150 मिली मावेल एवढी. आतड्याला हात लागत नाही. भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः कापलेल्या भागातच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकही मंदावते. काढलेलं जठर पुन्हा बसवता येत नाही.

बायपासमध्ये काही काढत नाहीत, रस्ता बदलतात. जठराच्या वरच्या टोकाला सुमारे 30 मिलीची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून तिला थेट जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचे रस त्यापुढे साधारण 100 ते 150 सेंटीमीटरवर येऊन मिळतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. ‘मिनी बायपास’ सुचवला तर तो वेगळा प्रकार आहे, एवढं ध्यानात ठेवा: त्यात जोड एकच असतो, वेळ कमी लागतो, पण पित्त उलटं वर येण्याची शक्यता राहते.

आता जळजळ. रात्री आंबट पाणी घशाशी येतं, उशी उंच घ्यावी लागते, अँटासिडची बाटली घरात कायम असते, असं असेल तर आमचा कल सरळ बायपासकडे. स्लीव्हची नळी अरुंद असल्याने आतला दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं. आधी त्रास नसलेल्यांनाही तो नव्याने सुरू होऊ शकतो. बायपासच्या इवल्या पिशवीत आम्ल फारसं तयार होत नाही, म्हणून जळजळ बहुधा थांबते. ऑपरेशनआधी एन्डोस्कोपी करून घ्याच. अन्ननलिकेला सूज, बॅरेट्स (आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) निघाला तर स्लीव्ह जवळजवळ बादच समजा.

मधुमेहातही पारडं बायपासकडे झुकतं, पण तितकं ठामपणे नाही. मधुमेह अलीकडचा आणि गोळ्यांवर असेल तर दोन्हींनी साखर चांगली उतरते. दहा-पंधरा वर्षं जुना, इन्सुलिनवरचा असेल तर दोन्हीकडे अपेक्षा बेताची ठेवा. साखर वजनाच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. इन्सुलिनचा जुना डोस घरी आल्यावर तसाच चालू ठेवला तर साखर धोक्याइतकी उतरेल. डिस्चार्जच्या कागदावर नवा डोस लिहून घ्या.

वजनातला फरक लोकांना वाटतो त्याहून कमी आहे. फिनलंडमधल्या स्लीव्हपास या चाचणीत पाच वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं जादा वजन सरासरी 49 टक्के, तर बायपासवाल्यांचं 57 टक्के उतरलेलं होतं. 110 किलोच्या माणसाचं योग्य वजन 65 धरलं, तर हिशेब 22 किलो विरुद्ध साधारण 26 किलोचा होतो. चार किलोंसाठी कुणी बायपास करू नये.

बिघडतं काय? स्लीव्हची स्टेपलची रेघ लांब असते. ती गळलीच तर बहुधा वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ. नाडी 120 च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चघळत बसू नका. गळती बायपासमध्येही होऊ शकते. पण त्याचे खास धोके उशिरा येतात. एक, जोडावरचा अल्सर. विडी-सिगारेट आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर ही त्याची नेहमीची कारणं. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून गोळी आणायची सवय असेल आणि ती सुटणार नसेल, तर बायपास टाळा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. दोन, आतड्याचा पीळ: आतड्याचा रस्ता बदलताना पोटात फटी तयार होतात, वजन उतरल्यावर त्यांतून आतडं सरकतं. हे दोन-तीन वर्षांनीही होतं. कळा येऊन जाऊन राहतात आणि साध्या एक्स-रेत काही दिसेलच असं नाही. सीटी स्कॅन लागतो, कधी थेट दुर्बिणीतून पोटात बघावं लागतं.

डंपिंग हे बायपासचं तिसरं वैशिष्ट्य. ग्लासभर उसाचा रस किंवा गुऱ्हाळावरची काकवी पोटात गेली की अर्ध्या तासात धडधड, घाम, मुरडा, जुलाब. काहींना एक ते तीन तासांनी साखर उतरून गरगरतं. गोडावर ताबा नसणाऱ्याला हा धाक उपयोगी पडतो म्हणतात. आमच्या मते धाकावर आहार फार दिवस टिकत नाही. कोल्हापुरातल्या गंगावेशीतलं कट्ट्यावरचं दूधही काहींना बायपासनंतर पचत नाही. तांबडा रस्सा कुठल्याही ऑपरेशनने कायमचा बंद होत नाही, पण पहिले दोन-तीन महिने तिखट आणि तवंग दोन्ही बाजूला ठेवा. प्रोटीन रोज 60 ते 80 ग्रॅम हवं. अंड्यात 6 ग्रॅम असतं, म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागत नाही. जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाने घोट घोट.

गोळ्या दोन्हीत जन्मभर आहेत, बायपासमध्ये जास्त काटेकोर: मल्टिव्हिटॅमिन, बी-12 (तोंडाने किंवा महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन), लोह, ड जीवनसत्त्व आणि रोज 1200 ते 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही सायट्रेट. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि तेच इथे कमी असतं. लोह व कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्यायला सांगा; नाहीतर डोळे, तोल आणि स्मृती यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. लग्न झालेल्या मुलींसाठी: 12 ते 18 महिने गरोदरपण टाळायचं, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नका, दुसरा उपाय विचारा.

खर्चाचं एकच सांगायचं आहे. मधुमेह असेल तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 32.5 लाही सर्जन ऑपरेशन सुचवतात. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटीत मात्र 40, किंवा गंभीर आजारासह 35 लिहिलेलं असतं. पूर्वमंजुरी हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

ऑपरेशन पुण्या-मुंबईत करणार असाल तर आणखी एक. पीळ पडला तर तो रात्री दोन वाजता कोल्हापुरात पडेल, आणि पुणे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. इथला कोणता सर्जन बायपासचं पोट उघडायला तयार आहे, हे आधी ठरवून ठेवा. ऑपरेशन नोटमध्ये आतड्याच्या दोन्ही फाट्यांची (एक अन्नाचा, एक पित्ताचा) लांबी आणि आतल्या फटी शिवल्या की नाही, हे लिहून घ्या. त्या कागदाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये हवा आणि घरातल्या आणखी एकाच्याही.