सहा-बीए आणि सीपीपीयू : खरड छाटणीपासून काढणीपर्यंतचा अनुभव

गेल्या एप्रिलच्या खरड छाटणीपासून (नव्या काड्या यायला वेल खरडून छाटतात ती) या मार्चच्या काढणीपर्यंत थॉम्पसन द्राक्षाच्या दोन एकरांवर ही दोन संजीवकं, म्हणजे वाढीवर परिणाम करणारी द्रव्यं, स्वतः मापून, तारखा वहीत लिहून वापरली. सहा-बीए आणि सीपीपीयू, दोन्ही सायटोकायनिन गटातली, म्हणजे पेशींचं विभाजन वाढवणारी. वापर आधीही होताच, पण पुडी आणायची, ड्रममध्ये ओतायची आणि शेजाऱ्याने मारलं की आपणही मारायचं, अशा पद्धतीचा. वही ठेवल्यावर कळलं की निम्मे पैसे आजवर बांधावर सांडत होतो.

आधी विरघळवण्याचं सांगतो, कारण पहिली चूक तिथेच होते. सहा-बीएची पावडर साध्या पाण्यात विरघळत नाही. तशीच टाकली तर ड्रमच्या तळाला बसते, आणि आपण शेवटच्या दोन ओळींना सगळं औषध पाजतो. थोड्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात आधी पूर्ण विरघळवायची, मग पाण्यात. शंभर लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग). सीपीपीयू बाजारात ०.१ टक्के द्रवरूपात मिळतं, त्यामुळे लिटरला १ मिली म्हणजे १ पीपीएम, हिशोब तोंडपाठ राहतो. एक १० पीपीएमला आणि दुसरं १ पीपीएमला का, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडला नव्हता. वेलीत सायटोकायनिन मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं. नैसर्गिक सायटोकायनिन त्याच्यापुढे फार टिकत नाही. सीपीपीयूची घडण वेगळी, ते या विकराला दाद देत नाही, उलट त्यालाच अडवतं. म्हणून थेंबभर पुरतं आणि म्हणूनच थेंबभर जास्त झालं तरी महागात पडतं. ते पुढे येईलच.

पहिली फवारणी खरड छाटणीनंतर चाळीस दिवसांच्या सुमारास, सबकेन करून (काडीचा शेंडा खुडून पुढची फूट घेऊन) झाल्यावर, १० पीपीएम सहा-बीए. या दिवसांत काडीवरच्या प्रत्येक डोळ्यात एक बारीक गाठ तयार होत असते. तिचा घड होणार की बाळी (वेल आधाराला गुंडाळते तो ताणा), हे अजून ठरलेलं नसतं. सायटोकायनिन तिला घडाकडे ढकलतं, जिबरेलिन (जीए) हे दुसरं संजीवक बाळीकडे. मुद्दाम चार ओळी कोऱ्या ठेवल्या होत्या. ऑक्टोबरच्या फळ छाटणीआधी (घड येण्यासाठी करतात ती) दोन्हीकडच्या काड्यांचे डोळे तपासून घेतले. जिथे कॅनॉपी, म्हणजे पानांचा पसारा, मोकळी होती, डोळ्यांवर ऊन पडत होतं, तिथे फवारलेल्या आणि कोऱ्या ओळींत फारसा फरक नव्हता. फरक दिसला तो दाटीच्या ओळींत, आणि तिथेही फवारलेल्या काड्या उन्हातल्या कोऱ्या काड्यांच्या मागेच राहिल्या. म्हणजे विरळणीचा आळस या पुडीने भरून निघत नाही. शिवाय हे संजीवक बाजूचे डोळेही जागे करतं. एका कोपऱ्यात घाईने दोनदा मारलं गेलं, तिथे बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणारे फुटवे) काढता काढता मजूर वैतागले.

हे सगळं मुळात आलं कुठून, हे शोधताना एक गंमत सापडली. १९५५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कूग यांच्या प्रयोगशाळेत कार्लोस मिलर यांना पेशींचं विभाजन वाढवणारा पहिला पदार्थ, कायनेटिन, मिळाला तो हेरिंग माशाच्या शुक्राणूंमधल्या डीएनएपासून. वनस्पतीतलं स्वतःचं सायटोकायनिन, झिएटिन, नंतर मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून वेगळं केलं गेलं. नारळाच्या पाण्यातही झिएटिन सापडतं. आमचे एक काका घडांवर नारळपाणी फवारतात, आम्ही सगळे हसायचो. आता तेवढं हसत नाही, पण त्यात किती पीपीएम आहे हे काकांना विचारलं की ते विषय बदलतात.

सहा-बीएची दुसरी वेळ फळ छाटणीनंतर, पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळा नुकता फुटून कोवळी पानं गुंडाळलेली असताना. पुन्हा १० पीपीएम. हेतू एकच, घड जिरू नये, म्हणजे कोवळा घड बाळी होऊन जाऊ नये. गेल्या ऑक्टोबरला छाटणीनंतर पाऊस आणि ढगाळ हवा, दोन्ही वाट्याला आलं. वरच्या एकरात फवारणी लागू पडली, घड तगले. खालच्या टोकाच्या सात-आठ ओळींत मात्र तेच द्रावण, तोच दिवस, तोच माणूस, आणि घड डोळ्यांदेखत बाळीसारखे होत गेले. मी औषधाला शिव्या दिल्या. मग फावड्याने बोध (वेलींच्या ओळीखालचा मातीचा वरंबा) उकरला. पांढरी मुळी जवळजवळ नव्हतीच, जुनी तपकिरी मुळं तेवढी, आणि मातीला आंबूस वास. तिथे चार-पाच दिवस पाणी साचून राहिलं होतं. वेल आपलं सायटोकायनिन मुख्यतः मुळांच्या टोकांशी तयार करते आणि ते पाण्याबरोबर वर चढतं. आमचे वडील आयुष्यभर 'पांढरी मुळी, पांढरी मुळी' करत आले, त्यांना सायटोकायनिन हा शब्दही माहीत नाही. मुळी बंद पडली की वरून एकदा मारलेले १० पीपीएम किती दिवस पुरणार?

आता सीपीपीयू. इथे माझा हात पोळला. मणी ३ ते ४ मिमीचा असताना जीए ४० पीपीएमसोबत १ पीपीएम सीपीपीयूचं डिपिंग दिलं, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवले. या काळात मण्यात पेशींचं विभाजन चालू असतं, त्यामुळे पेशींची संख्याच वाढते, आणि पुढे जीए त्या फुगवतं. दहा दिवसांत फरक दिसला, मणी गोल, टणक, देठ जाड. पाहून लोभ सुटला. खालच्या टोकाला घड कमी होतेच, म्हटलं निदान मणी तरी मोठा करू. तिथल्या आणि शेजारच्या ओळींत दुसरं डिपिंग २ पीपीएमने केलं, तेही उशिरा, मणी ८ मिमीच्या पुढे गेल्यावर. तोवर विभाजनाचा काळ संपत आला होता. मणी १८ मिमीचा झाला, खोटं का बोलू, फोटो काढून पाहुण्यांना पाठवला. पण पाणी उतरायलाच, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागायलाच, उशीर. वरच्या एकराची काढणी झाली तेव्हा या ओळी गोडी मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर १५ च्या पुढे सरकत नव्हत्या. रंग हिरवागार, साल जाड, खाताना तोंडात चोथा राहावा तशी. सायटोकायनिनमुळे पानं जास्त दिवस हिरवी राहतात हे मला ठाऊक होतं. मण्यालाही ते तसंच हिरवं ठेवू पाहतं, हे तेव्हा सुचलं नाही. दोन आठवडे थांबून माल काढला. तोवर भाव उतरला होता, आणि व्यापाऱ्याने साल चावून पाहिली ती वेगळीच.

२०११ मध्ये चीनच्या जिआंगसू प्रांतात कलिंगडं शेतातच फुटल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिथेही हेच द्रव्य, उशिरा आणि प्रमाणाबाहेर वापरलेलं, आणि वरून पाऊस. त्या वेळी मोबाइलवर पाहून हसलो होतो.

कोणी विचारलंच तर सहा-बीएला पाचपैकी चार देईन, पोंग्याच्या फवारणीसाठी. खरड छाटणीनंतरच्या फवारणीला तीन, तेही विरळणी वेळेत होणार असेल तर. सीपीपीयूला गुण देताना मी स्वतःलाच शिक्षा करतोय असं वाटतं, म्हणून ते सोडतो. निर्यातीचा माल असेल तर मात्र कोणत्या तारखेपर्यंत वापरायचं आणि रेसिड्यू (मण्यात उरलेला औषधाचा अंश) किती चालतो, हे डिपिंगच्या आधी निर्यातदाराकडून लिहून घ्या.

या वर्षी खरड छाटणी आटोपली आहे. सीपीपीयूची अर्धी बाटली गोठ्यातल्या कपाटात आहे, त्यातली एकदाच आणि १ पीपीएमनेच वापरणार. त्याआधी खालच्या टोकाला पाणी काढून द्यायला चर खोदायचा आहे. जेसीबीवाल्याने मंगळवारचा वायदा केलाय.