१९५४ च्या शेवरोले ३१०० ची पुढची काच: काच चांगली, पहिलं रबर परत केलं, फिटर मात्र सोन्यासारखा

काच बसवून आता तीन महिने झाले, मध्ये दोनदा धो धो पाऊस झाला, गाडी उघड्यावर उभी होती आणि आत एक थेंब आला नाही, म्हणून आता लिहितेय. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच स्टार देण्यात काही अर्थ नसतो, काचेचं काम खरं कसं झालंय ते पाऊस आणि ऊन दोन्ही खाल्ल्यावरच कळतं.

गाडी १९५४ ची शेवरोले ३१००, अर्ध्या टनाची पिकअप. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून ती पार शेवटच्या नटबोल्टपासून उभी करतोय. वर्ष मुद्दाम सांगतेय कारण या ट्रकमध्ये काचेच्या बाबतीत वर्षावरच सगळं अवलंबून आहे. १९४७ ते १९५३ पर्यंत याच कॅबला, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनला, पुढे दोन सपाट काचा आणि मध्ये उभी पट्टी होती, १९५४ ला ती पट्टी गेली आणि एकच अखंड, थोडी वाकलेली काच आली. लांबून कॅब सारखीच दिसते, त्यामुळे ऑर्डर देताना नुसतं "जुना शेवरोले ट्रक" म्हणून चालत नाही, वर्ष सांगा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. सपाट काचवाल्यांचं एक बरं आहे, पुठ्ठ्याचा साचा काढून दिला तर कुठलाही चांगला काच कापणारा लॅमिनेटेड काचेतून ती कापून देतो. वाकलेली काच अशी कापून मिळत नाही, ती साच्यावरच बनते, म्हणजे नवीन बनवलेली मागवणं किंवा जुन्या गाडीतली शोधणं एवढंच हातात राहतं. आम्ही नवीन मागवली.

जुनी काच काढायला माझा जीव होत नव्हता खरं सांगायचं तर. पण खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडा वर गेलेला, चारी कडांना दुधाळ पांढरे डाग आलेले, आणि वायपरने इतक्या वर्षांत काचेवर दोन अर्धगोल कोरून ठेवलेले. दिवसा ते छान वाटायचं, पण रात्री समोरून गाडी आली की तो सगळा उजेड त्या ओरखड्यांत पसरायचा आणि दोन सेकंद रस्ता दिसायचाच नाही. दुधाळपणा का येतो तेही सांगते. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर, कडेने ओल आत शिरली की तो थर काचेपासून सुटायला लागतो. पॉलिश करून हे जात नाही, कारण डाग काचेवर नसतो, काचांच्या मध्ये असतो. भावाने एक अख्खी दुपार पॉलिशिंगमध्ये घालवली तेव्हा आमची खात्री पटली.

नवीन काच लाकडी खोक्यात उभी पॅक होऊन आली, हे मला फार आवडलं. काच नेहमी उभीच न्यायची आणि उभीच ठेवायची, आडवी ठेवून वर काही आलं किंवा एक धक्का बसला की वाकलेली काच गेलीच. कोपऱ्यात एएस१ चा शिक्का आहे, म्हणजे विंडशील्डसाठी चालणारी लॅमिनेटेड काच आणि निदान ७० टक्के उजेड पलीकडे जाणारी. शिक्का नसेल तर घेऊ नका, दिसायला कितीही स्वच्छ असली तरी. मग मी काच भिंतीला टेकवून पलीकडच्या दाराच्या चौकटीकडे बघत डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं, सरळ रेघ कुठे लाटेसारखी हलते का बघायला. ड्रायव्हरच्या समोर कुठेच हलली नाही. पलीकडच्या टोकाला, अगदी कोपऱ्यापासून चार बोटांवर, थोडी लाट आहे आणि ती मला अजूनही दिसते, एक स्टार तिथे कापला. बाकी वाकण बरोबर, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, काही तक्रार नाही.

तक्रार काचेभोवती बसणाऱ्या रबराची. काचेबरोबर सेटमध्येच जे रबर आलं ते अखंड नव्हतं, सरळ पट्टी कापून वरच्या दोन कोपऱ्यांत चिकटवून जोडलेली होती. हे पिशवीतून काढल्याबरोबर कळत नाही बरं का. मी ते काचेवर चढवलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं, म्हणजे घड्या जातात आणि रबर काचेच्या आकारात बसतं, तेव्हा तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात रबर फुगून काचेपासून उचललेलं दिसलं, नख आरामात आत जात होतं. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर काय, सगळ्यांना हेच जातं, सिलंट (फटी बुजवायचा लगदा) भरा बसेल. मला याचा खरंच राग आला. सिलंट हे चांगल्या रबराच्या मदतीला असतं, वाकड्या रबराच्या जागी नसतं, आणि ज्या माणसाने दोन वर्षं पत्र्याच्या कामात घातलीत त्याला पाणी कोपऱ्यातून आत जाणार हे माहीत असून असं सांगणं बरोबर नाही. त्यांनी रबर परत घेतलं, पैसेही दिले, तेवढं मान्य. पण चार वेळा लिहावं लागलं.

दुसरं रबर वेगळ्या ठिकाणाहून मागवलं, चारी कोपरे साच्यात ओतलेले, ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं. हातात घेतल्या घेतल्या फरक कळतो, कोपरा दुमडून सोडला की परत आपल्या आकारात येतो. ईपीडीएम ऊन आणि हवा चांगलं सोसतं, पण पेट्रोल, ग्रीस, इंजिन ऑइल असलं काही त्याला लागू द्यायचं नाही, फुगतं. बसवताना साबणाचं पाणीच वापरायचं. आणि मागवताना एक विचारा, तुमची कॅब साधी आहे का डिलक्स, कारण डिलक्सला काचेभोवती चकचकीत पट्टी असते आणि ती बसायला रबरात वेगळी खाच लागते. आमची साधी आहे.

आता मुख्य गोष्ट, आणि मला वाटतं काच बदलणाऱ्या प्रत्येकाने काच मागवायच्या आधी हेच बघायला हवं. पत्र्याची कड. ज्या कडेवर रबर चढतं ती फ्लँज. आम्ही जुनं रबर ब्लेडने कापून काढलं (ते वाचवायच्या फंदात पडू नका, वाळून लाकूड झालेलं असतं) आणि खालचे दोन्ही कोपरे बघून आम्ही दोघं गप्पच बसलो. बाहेरून रंग ठीक दिसत होता, आत पत्रा बिस्किटासारखा झालेला. पाणी रबराखाली जातं, तिथेच बसून राहतं, वाळत नाही, आणि वर्षानुवर्षं आतून खात राहतं. दोन्ही कोपरे कापून भावाने नवीन पत्र्याचे तुकडे वेल्ड केले, ग्राइंड केले, प्रायमर मारला. आम्हाला वाटलं झालं.

रंगाच्या आधी एकदा काच बसवून बघायची म्हणून फिटर शोधायला लागलो. एका दुकानात आधी विचारलं तर ते म्हणाले रबर बिबर सोडा, आम्ही चिकटवून देतो हल्लीच्या गाड्यांसारखी. नको म्हटलं. हल्लीच्या गाड्यांत काच युरेथेन नावाच्या गोंदाने चिकटवतात ते बरोबरच आहे, तिथे काच बॉडीच्या ताकदीचा भाग धरलेली असते आणि चौकट त्यासाठीच बनवलेली असते. या ट्रकची चौकट रबरासाठी आहे, काच त्यात थोडी तरंगती राहायला हवी, कारण जुनी कॅब खड्ड्यात पिळवटते आणि तो पीळ रबर सोसतं.

मग आमचे काचवाले काका भेटले. वयस्कर आहेत, घरी येऊन काम करतात, सामान म्हणाल तर दोन सक्शन कप, दोरीचं भेंडोळं, लाकडाची एक बोथट पट्टी आणि साबणाच्या पाण्याची बाटली. आले, काचेकडे बघितलंसुद्धा नाही, डोळे मिटल्यासारखे करून बोट फ्लँजवरून फिरवत गेले, पूर्ण एक फेरी. खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ थांबले. म्हणाले, "ताई, इथे वेल्डचा गोळा राहिलाय. आज बसवली तर बसेल, पण काच इथे टेकणार. दोन महिन्यांनी इथनंच तडकेल आणि तुम्ही म्हणाल काच खराब होती." मी म्हटलं काका थोडं दाबून बसणार नाही का. "दाबून बसवायची वस्तूच नाही ही." मग भावाला विचारलं प्रायमरचे किती हात मारलेत. भरणीचा जाड प्रायमर होता, आम्ही फ्लँजवर पण तसाच मारलेला, आणि रबराची खाच असते नुसत्या पत्र्याच्या जाडीची. जाड थरावर ती खाच पूर्ण बसत नाही, रबर अर्ध्यावर अडकतं. "हे सगळं कडेवरनं उतरवा, पातळ हात मारा, मग बोलवा मला," असं म्हणून चहा घेऊन निघाले. पैसे घेतले नाहीत. एका माणसाने स्वतःचा एक दिवस घालवून आम्हाला नाही सांगितलं, आणि त्या नाहीमुळे आमची काच आज शाबूत आहे, हे मी मनापासून लिहितेय.

दुसऱ्यांदा आले तेव्हा नुसतं ट्रायल केलं, रंगाच्या आधी. सगळीकडे सारखं अंतर आलं. मग काच काढली, रंग झाला, आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत चांगलं थांबलो. वरून कोरडा लागला म्हणून घाई केली तर रबराखाली रंग दबतो, चिकटतो, आणि पुढे तिथूनच सुटून परत गंजाला वाट मिळते. या मधल्या दिवसांत आम्ही काचेशिवाय जे सोपं जातं ते सगळं उरकलं, वायपरचे दांडे आणि ते ज्यावर फिरतात ते पिव्हट, काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफ्रॉस्टरचे पाइप, डॅशबोर्डच्या मागचं वायरिंग, छताचं आतलं अस्तर. काच नसताना तिथे वरून दोन्ही हात जातात. बसल्यावर उताणं झोपून एका हाताने करावं लागतं.

बसवायच्या दिवशी रबर सकाळपासून उन्हात ठेवलेलं, मऊ व्हायला. आधी रबर काचेवर चढवलं, मग बाहेरच्या खाचेत चारी बाजूंनी दोरी दाबून बसवली, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून वीतभर नेऊन सोडली. साबणाचं पाणी भरपूर. मी आणि भाऊ बाहेरून काच धरून, काका आत सीटवर. दोरीची टोकं आत घेतली आणि काका एक टोक सावकाश ओढत गेले, दोरी निघते तसा रबराचा आतला लिप, म्हणजे पातळ ओठ, फ्लँजवरून उलटून आत येतो, आणि बाहेरून आम्ही बरोब्बर तिथेच तळव्याने दाबायचं. पुढे नाही मागे नाही, दोरी जिथे आहे तिथेच. ते आतून सांगत होते "आता थोडं डावीकडे, हां, हलक्या हाताने." कोपऱ्यात दोरी अडली तेव्हा त्यांनी ओढली नाही, थांबले, लाकडी पट्टीने लिप उचलला, परत पाणी मारलं, मग पुढे. जोरात ओढली तर लिप फाटतो किंवा काच जाते, म्हणाले. वीसेक मिनिटांत काच आत. तो शेवटचा तुकडा निघून दोरी पूर्ण त्यांच्या हातात आली तेव्हा भावाचे डोळे भरून आले होते, माझेही.

नंतर रबर आणि काच यांच्यामध्ये आणि रबर आणि पत्रा यांच्यामध्ये कडक न होणारं सिलंट लांब नळीने भरलं. दुसऱ्या दिवशी पाण्याची टेस्ट. पाइपला प्रेशर न लावता नुसतं पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर, आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरून धो धो पाणी मारलं तर गळतं कुठून ते कळतच नाही, सगळीकडून ओघळ येतात. आमच्याकडे उजव्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब आला, तिथे सिलंट पोचलंच नव्हतं. काकांना फोन केला, संध्याकाळी येऊन लिप उचलून भरून गेले. त्यानंतर कोरडं ठणठणीत.

वायपर अजून जुनाच, इंजिनच्या व्हॅक्यूमवर म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारा आहे, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा व्हॅक्यूम कमी होतो आणि वायपर मंदावतो, चढावर तर जवळजवळ थांबतोच. ब्लेड मात्र नवीन घातले, जुने ब्लेड नवीन काचेवर एकदाही फिरवले नाहीत, आणि काच कोरडी असताना वायपर लावायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. परवा रात्री चालवली. समोरून ट्रक आला, त्याचे दिवे दोन दिवेच राहिले, पसरले नाहीत.

काचेला चार स्टार, दुसऱ्या रबराला पाच, पहिल्या विकणाऱ्याला पैसे परत दिले म्हणून दोन. काकांना द्यायला पाच कमीच पडतात. मागच्या काचेचं रबर त्याच दुसऱ्या ठिकाणाहून मागवलंय, चारी कोपरे साच्यातले. काकांना फोन करून सांगितलं रबर आलंय, कधी येता, तर म्हणाले रबर राहू दे, आधी पत्र्याची कड दाखवा.