सहा मृत्यू, एक शवचिकित्सा

नेटफ्लिक्सवरचा ‘करी अँड सायनाइड: द जॉली जोसेफ केस’ हा माहितीपट मी गोव्यातल्या फोंड्यात आमच्या घरी, सासूबाईंच्या शेजारी बसून पाहिला, हे आधीच सांगून टाकते. सुनेने सासूला मटणाच्या सूपमधून विष दिल्याच्या आरोपाने जी हकिगत सुरू होते, ती सासूच्या शेजारी बसून पाहताना घरात एक वेगळीच शांतता पसरते, आणि त्या शांततेचा परिणाम या परीक्षणावर झालेला असणार. सासूबाईंनी पहिल्या वीस मिनिटांत एकच प्रश्न विचारला, तोही माझ्याकडे न पाहता: "गो, हे खरेच घडलेले की सिनेमा?"

घडलेले आहे. केरळमधल्या कोळिकोड जिल्ह्यातील कूडत्तायी या गावी, एका प्रतिष्ठित ख्रिस्ती कुटुंबात आणि त्याच्या नातलगांत 2002 ते 2016 या चौदा वर्षांत सहा जण मरण पावले. 2002 साली या घरची सून जॉली हिची सासू, 2008 साली सासरे, 2011 साली पती, 2014 साली पतीचे मामा, त्याच वर्षी पतीच्या चुलतभावाची जेमतेम दोन वर्षांची मुलगी आणि 2016 साली त्या मुलीची आई, असा तो क्रम आहे. पुढे 2017 साली जॉलीने याच चुलतभावाशी लग्न केले. अमेरिकेत असलेल्या धाकट्या दिराने तक्रार केल्यानंतर 2019 च्या ऑक्टोबरमध्ये थडगी उघडण्यात आली आणि दुसऱ्याच दिवशी तिला अटक झाली. दिग्दर्शक ख्रिस्टो टॉमी यांचा हा माहितीपट डिसेंबर 2023 मध्ये आला, तेव्हा खटला चालूच होता. त्यामुळे तिला आरोपीच म्हणायला हवे, आणि माहितीपटाची सर्वांत मोठी अडचणही नेमकी तीच आहे. त्या अडचणीकडे पुढे येते.

आधी त्याचे बळ सांगते. ते जॉलीत नसून तिच्या नणंदेत आहे. कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या आईच्या, वडिलांच्या आणि भावाच्या मृत्यूविषयी बोलणारी ही बाई कोठेही आवाज चढवत नाही. वहिनी घरात आल्यावर आपल्याला ती किती आवडली होती, हेही ती लपवत नाही. अशा माहितीपटांत नातेवाइकांना साधारणपणे रडण्यासाठीच बसवलेले असते. येथे मात्र शंका हळूहळू कशी तयार होते हे एक माणूस स्वतःच्याच शब्दांत उलगडून दाखवते, आणि ज्या वहिनीवर माया केली तिच्यावर संशय घेताना आपल्यालाच आपली लाज कशी वाटते, हे त्या बोलण्याआड सतत जाणवत राहते. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणत्याही बाईला ती लाज ओळखीची वाटेल. घरातल्या माणसाविषयी वाईट बोलायचे नाही, हा आपला पहिला धडा असतो.

दुसरी जमेची गोष्ट म्हणजे तपासाचा धागा. सहापैकी एकाच मृत्यूनंतर, म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर, शवचिकित्सा झाली होती, आणि तीही मामांनी आग्रह धरला म्हणून. तिच्यात सायनाइड आढळले, तरीही त्या वेळी ती आत्महत्या ठरवून प्रकरण बंद करण्यात आले. पुढे दिराने माहितीच्या अधिकारात तो अहवाल मिळवला. पती जेवणापूर्वीच कोसळला, आपण तेव्हा स्वयंपाकघरात ऑम्लेट करत होतो, असे जॉलीने घरच्यांना सांगितले होते; अहवालात मात्र पोटात न पचलेले अन्न असल्याची नोंद होती. एका कागदावरची एक ओळ आणि स्वयंपाकघरातले एक ऑम्लेट यांचा मेळ बसत नाही, एवढ्यावरून सगळी इमारत हलू लागते. तो कागद वर्षानुवर्षे सरकारी फायलीत पडून होता, हे मला सहाही मृत्यूंपेक्षा जास्त टोचले.

आपल्याकडे वेगळे काय होते? घरात माणूस अचानक गेला की ‘हार्ट अटॅक’ हा शब्द दारातल्या चपलांइतक्याच सहजपणे सापडतो. डॉक्टर ओळखीचा असतो, रात्र झालेली असते, बाहेरगावची माणसे निघालेली असतात, आणि मृतदेह शवचिकित्सेसाठी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचा म्हटले की सगळेच एकमेकांकडे पाहू लागतात. ‘गेलेल्या माणसाची आणखी विटंबना कशाला?’ असे एक वडीलधारे माणूस म्हणते आणि विषय तेथेच संपतो. मी स्वतः असे दोनदा ऐकले आहे, आणि दोन्ही वेळा मलाही ते पटले होते. कूडत्तायीच्या त्या घराचेही आपल्या वाड्यांहून फार वेगळे नाही: पुढे प्रशस्त पडवी, मागे झाडी, भिंतीवर फ्रेममधले वाडवडील, शिक्षकी पेशातले, मान असलेले लोक. अशा घरात पोलीस आणणे हे मृत्यूपेक्षाही वाईट मानले जाते.

याच मानाच्या आधारावर जॉलीचे दुसरे खोटे पोसले गेले. आपण कालिकतच्या, म्हणजे कोळिकोडच्या, एन.आय.टी.मध्ये (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) शिकवतो असे सांगून ती वर्षानुवर्षे रोज सकाळी गाडी घेऊन घराबाहेर पडत असे. त्या संस्थेत तिला नोकरी नव्हतीच. माहितीपटाने हा भाग चांगला फुलवला आहे, आणि सासूबाईंनी दुसऱ्यांदा तोंड उघडले ते येथेच. "इतक्या वर्षांत हिला कोणी पगाराविषयी विचारलेच नाही?" माझ्या सासूबाई चाळीस वर्षे घराचा हिशेब वहीत लिहीत आल्या आहेत. गोव्यात गॅसवाल्याने पाच रुपये जास्त घेतले तरी त्यांच्या वहीत ते नोंदले जाते, तेव्हा त्यांना ही गोष्ट सहाही खुनांपेक्षा अविश्वसनीय वाटली. पण मला वाटते, सून प्राध्यापक आहे हे चारचौघांत सांगण्याचा आनंद इतका मोठा असतो की पुरावा मागणे हा त्या आनंदाचा अपमान वाटू लागतो. सासू निवृत्त शिक्षिका होत्या आणि सुनेने नोकरी करावी असा त्यांचा आग्रह होता, असे तपासात पुढे आले. खोट्याची आणि पहिल्या मृत्यूची सुरुवात एकाच आग्रहातून झाली असावी, असे सरकारी पक्षाचे म्हणणे आहे.

माहितीपट जेथे फार घाईने पुढे जातो, तेथे मला थोडे थांबायचे आहे, कारण माझे माहेर शेटांचे, म्हणजे सोनारांचे. सायनाइड हा शब्द माहितीपटात एखाद्या मंत्रासारखा येत राहतो, पण ते दागिन्यांच्या धंद्यातून घरात कसे पोहोचू शकते हे दोन वाक्यांतच उरकले जाते. आमच्या पेढीवर सोन्याचा मुलामा देण्याच्या कामासाठी लागणारे पोटॅशियम सायनाइड एका पत्र्याच्या डब्यात, वेगळ्या कुलुपात असे. फुंकणी, मूस, टाकणखार यांना आम्ही मुले हात लावत असू, पण त्या कपाटाजवळ गेले तर वडिलांचा हात पाठीवर पडलाच म्हणून समजावे. दिसायला ते साखरेच्या दाण्यासारखे पांढरे, आणि एका चिमटीपेक्षाही कमी प्रमाणात माणूस मारायला पुरेसे. ते शरीरातल्या पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. रक्तात प्राणवायू असूनही माणूस मिनिटांत आतून गुदमरतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा झटका हृदयविकारासारखाच दिसू शकतो, आणि म्हणूनच ओळखीच्या डॉक्टरच्या घाईला ते फसवू शकते. एवढे समजावून सांगितले असते, तर सहा वेळा कोणालाच कसे कळले नाही या प्रश्नाचे निम्मे उत्तर प्रेक्षकाला मिळाले असते. त्याऐवजी वाटीत पडणाऱ्या पांढऱ्या भुकटीचे संथ गतीतले दृश्य पुन्हा पुन्हा दाखवण्याचा मोह आवरलेला नाही.

आता त्या अडचणीकडे येते. नाट्यरूपांतरित दृश्यांत जॉलीच्या भूमिकेतली बाई आपल्याला पाठमोरी, अर्धवट अंधारात, पातेले ढवळताना दिसते. पार्श्वसंगीत आधीच निकाल देऊन मोकळे झालेले असते. प्रत्यक्षात आरोपी तुरुंगात आहे, तिची बाजू बहुतांशी तिच्या वकिलाच्या तोंडून येते, आणि तो वकीलही येथे युक्तिवाद करणाऱ्यापेक्षा एखाद्या पात्रासारखा वाटतो. 2023 च्या सुरुवातीला, म्हणजे माहितीपट येण्यापूर्वीच, हैदराबादच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात चार मृतदेहांच्या अवशेषांत सायनाइड आढळले नसल्याचे जाहीर झाले होते. पुरलेल्या देहात ते वर्षांनुवर्षे टिकेलच असे नाही, त्यामुळे या एका अहवालाने काही ती निर्दोष ठरत नाही. मात्र गुन्ह्यावरच्या माहितीपटाचा खरा मामला पुराव्याचाच असतो, आणि याच जागी कथेने वेग घ्यायच्या ऐवजी पाय रोवून उभे राहायला हवे होते.

गोव्यातल्या प्रेक्षकाला येथे महानंद नाईकची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. तो फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचा, 2009 साली पकडला गेला आणि त्याने सोळा स्त्रियांच्या खुनांची कबुली दिली. लग्नाचे आमिष दाखवायचे, दागिने घालून यायला सांगायचे आणि तिच्याच ओढणीने गळा आवळायचा. पुढे काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली आणि काहींत पुराव्याअभावी तो सुटला, म्हणजे कबुली आणि सिद्धता यांतले अंतर फोंडा तालुक्याने फार जवळून पाहिलेले आहे. दोन्ही प्रकरणे वेगळी आहेत: तो अनोळखी मुलींना फशी पाडत होता, हिच्यावरचा आरोप तर स्वतःच्याच घरातल्यांना मारल्याचा. पण काही घरांनी मुलगी कोणाबरोबर तरी पळून गेली असे समजून तोंड बंद ठेवले होते, आणि अब्रूच्या भीतीचे ते मौन मला कूडत्तायीच्या पडवीतही ओळखू आले. माहितीपटाने हे मौन पकडले आहे, पण त्यावर बोट मात्र ठेवलेले नाही. त्याला ‘ती अशी का झाली?’ हे कोडे जास्त मोहात पाडते, आणि त्या कोड्याला येथे मिळालेली उत्तरे वरवरची आहेत. खुनाचा आरोप बाईवर असला की तिच्या स्वभावाची चिरफाड सुरू होते. आमच्या गावच्या पुरुषाची तशी चिरफाड कोणी फारशी केली नव्हती.

सुमारे दीड तासाचा हा माहितीपट पाहावा की नाही, असे कोणी विचारले तर मी पाहा असेच म्हणेन, पण रात्री जेवताना नको, आणि आवाज मूळचाच ठेवा. तो मल्याळम आणि इंग्रजीत आहे, उपशीर्षके वाचत पाहावा लागतो, सासूबाईंना तर मी निम्मा वाचूनच दाखवला. पण नणंदेचा मल्याळम आवाज, आईचे नाव घेताना जरा थांबणारा, कोणत्याही भाषांतरात हरवेल. जॉलीच्या मुलाच्या मुलाखतीचा भाग दोनदा पाहण्यासारखा आहे: आईविषयी बोलताना तो एकदाही ‘ती’ म्हणून थांबत नाही, पुढचे वाक्य घाईघाईने धरतो.

पहिल्या अर्ध्या तासात दृश्यांची जी पुनरावृत्ती आहे ती सहन करा, शेवटच्या भागातले ढोलकीसारखे वाजणारे संगीत बंद करता आले असते तर मी केले असते. सासूबाईंना माहितीपट आवडला नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, पोदेराकडून पाव घेता घेता, वाड्यातल्या एका जुन्या मृत्यूविषयी विचारले, ज्याची शवचिकित्सा झाली नव्हती, आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.