माती तपासून घेतली, तरी फसलो

गंगापूर तालुक्यात मी १ एकर १० गुंठे जमीन घेतली. नोकरी शाळेतली, निवृत्तीनंतर मोसंबीची बाग करायची, एवढीच हौस. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, सगळं वकिलाकडून बघून घेतलं. कारखाने दहा-बारा किलोमीटरवर, म्हणून एजंटला विचारलंही, "इथं केमिकल वगैरे काही पुरलेलं नाही ना?" त्यानं हसत फाइलमधून कागद काढला. "गुरुजी, लॅबचा रिपोर्टच आहे."

रिपोर्ट खोटा नव्हता. फसवणूक तिथंच होती. त्यावर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त असे १२ घटक होते. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात हेच बारा असतात. खत किती द्यायचं ते त्यावरून कळतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा या जड धातूंतलं काहीच त्यात तपासत नाहीत. मी मराठीचा शिक्षक. सगळीकडे "मध्यम" वाचून खूष झालो. नमुना कुणी घेतला, किती खोलीवरून घेतला, हेही विचारलं नाही. खतासाठीचा नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो, आणि ती वीतभर माती त्या रानाची नव्हतीच. तलावातला गाळ आणून पसरला होता. आपल्याकडे उन्हाळ्यात गाळ टाकणारा शेतकरी शहाणा समजतात. मीही मनात म्हटलं, मालकानं जमिनीला जीव लावलाय.

मे महिन्यात बागेचे खड्डे घ्यायला जेसीबी लावला. तीन बाय तीन बाय तीन फूट. पहिल्या दोन ओळी ठीक गेल्या. तिसऱ्या ओळीत बकेटला फाटक्या प्लास्टिकच्या गोण्या अडकून आल्या, सोबत हिरवट-करडा चिकट राडा आणि ऑइलपेंटचा डबा उघडल्यासारखा वास. ऑपरेटर मशीन बंद करून खाली उतरला. "सर, मी नाही खांदणार पुढं." माझ्या मेहुण्यानं मात्र ढेकूळ हातानं फोडून बघितलं. दोन दिवस त्याची बोटं चुरचुरत होती.

बांधापलीकडचे आजोबा म्हणाले, "तिथं मुरमाची खदान होती की. रातच्याला हायवा यायचे. तुम्ही इचारलंच न्हाई." आधी राग आला, मग लाज वाटली. एजंटनं मला दर वेळी भर दुपारी नेलं होतं, आजूबाजूच्या रानात चिटपाखरू नसताना.

घरी येऊन गूगल अर्थवर त्या गटाची मागच्या वर्षांची चित्रं काढली. आधी खड्डा, मग पांढरट डाग, मग सपाट काळं रान. दहा मिनिटांचं आणि फुकटातलं काम. सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात सलग "पडीक" होतं, तेही तेव्हा नजरेआड झालं. वकिलानं मालकी बघितली; पीक बघणं माझं काम होतं.

कृषी विज्ञान केंद्रातल्या ताईंनी पहिलाच प्रश्न केला, "फळबागेला एकेक फुटाचे थर करून तीन फुटांपर्यंत नमुना घेतात, तुम्ही का नाही घेतला?" जड धातूंसाठी त्यांनी एनएबीएल (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जायला सांगितलं. प्रत्येक थराची पिशवी वेगळी ठेवा. वास येणारी माती काचेच्या बरणीत काठोकाठ भरून बर्फात न्या, नाहीतर जे शोधायचं तेच वाटेत उडून जातं. आणि शेजारच्या चांगल्या रानातला नमुनाही सोबत द्या, कारण आपली काळी माती बेसॉल्ट या काळ्या खडकाची. तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच थोडं जास्त असतं. शिसं मात्र बेसॉल्टमध्ये कमी. माझ्या तिसऱ्या फुटात ते आजोबांच्या मातीच्या कितीतरी पट निघालं.

मधे एक जण येऊन "जिवाणू सोडतो, सहा महिन्यांत माती शुद्ध" म्हणून कोटेशन ठेवून गेला. बायकोनं त्याला विचारलं होतं, "शिसं खाऊन ते जिवाणू जातात कुठं?" परत आला नाही.

एजंट फोन उचलत नाही. मालक म्हणतो, जशी होती तशी विकली, आणि खरेदीखतात तसं वाक्य आहेच. तुम्ही जमीन घ्याल तेव्हा खरेदीखतात "जमिनीत रासायनिक कचरा पुरलेला नाही, निघाला तर जबाबदारी विकणाऱ्याची", एवढं कलम घालून घ्या. तो कां-कूं करू लागला तर इसार न देता उठून या. मी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे फोटोंसह लेखी तक्रार दिली आहे. गोण्या जागच्या हलवल्या नाहीत. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली असला माल परस्पर वाहून नेला तर मीच अडकायचो. खड्ड्यांवर ताडपत्री टाकली आहे.

आजोबांची विहीर माझ्या रानाच्या उतारावर, दीडशे फुटांवर आहे. तिचं पाणी तपासायला दिलंय, निकाल यायचाय. प्यायला नळाचं वापरा म्हणून त्यांना सांगितलं. म्हशी अजून तिथंच पितात.